न सांगितलेलं बटण

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
४ ऑगस्ट २०२५

श्री. कुंदन नाखवा यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. तुमचा ईमेल मला किशोरीताईंनी दिला. डोळ्यांच्या दवाखान्यात, ज्यांची नजर नव्याने गेली आहे अशांशी बोलायला त्या बसतात. त्या म्हणाल्या, "करंज्याला एक जण आहेत. जन्मापासून दिसत नाही त्यांना. पण लॅपटॉपचा कीबोर्ड ज्याच्या त्याच्या हाताला बसेल असा करून देतात."

माझं नाव उदयसिंह शिर्के, वय त्रेपन्न. उरणच्या बंदरातून जाणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं तपासणं हे माझं काम. एकाच खाजगी कंपनीत सत्तावीस वर्षं झाली. काचबिंदूने उजवा डोळा आधी गेला, डावा या मार्चमध्ये. आता खोलीत खिडकी कोणत्या बाजूला आहे एवढंच कळतं.

ऑफिसने नवा लॅपटॉप दिला आहे आणि त्यात स्क्रीन रीडर टाकून दिला आहे, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा. पण त्याला हुकूम द्यायला जी बटणं लागतात ती या लॅपटॉपवर सापडतच नाहीत. शिकवणीच्या ध्वनिफिती म्हणतात 'इन्सर्ट दाबा'. इन्सर्ट आहे कुठे? आणि तो कंटेनरचा नंबर असा वाचतो की हसावं की रडावं कळत नाही. चार अक्षरं, सात आकडे. त्या सात आकड्यांचे तो सलग लाख आणि हजार करतो. मी नंबर ताडून पाहायचा कसा?

बारा नोव्हेंबरला मला चार जणांसमोर काम करून दाखवायचं आहे. आमचा मॅनेजर विश्वजीत माणूस वाईट नाही. त्यानेच ही मुदत मिळवून दिली. त्यानंतरचं तो काही बोलला नाही.

हे पत्र माझी मुलगी आभा टाइप करते आहे. तुमचा फोन नंबर कळवाल का? सविस्तर बोलता येईल.

आपला,
उदयसिंह शिर्के


करंजा
५ ऑगस्ट

शिर्के साहेब, नमस्कार.

मी बोलतो तसंच लिहितो. शुद्ध लिहायला गेलो की ते दुसऱ्याच कोणाचं पत्र वाटतं. तेवढं चालवून घ्या.

नंबर देतो, पण फोन करायचा नाय. हा माझा नियम हाय. फोनवर सांगितलेलं हवेत जातं. लिहिलेलं तुमी दहा वेळा ऐकू शकता. आजवर अकरा जणांना शिकवलं, सगळ्यांना पत्रानेच.

दुसरा नियम. आभाताईंना खुर्चीवरून उठवा. पुढचं पत्र तुमच्या बोटांनी आलं पायजे. कितीही चुका असू द्या. त्यात लिहा, की तुमच्या कीबोर्डवर स्पेसच्या उजवीकडे किती बटणं हायत, बाण कसे मांडलेत, आणि अगदी वरच्या ओळीत डावीकडून उजवीकडे काय काय लागतं. कोणाला विचारू नका. हात फिरवून सांगा.

कुंदन


खांदा कॉलनी
११ ऑगस्ट

प्रिय कुंदन

हे मी लिहितो आहे एक तास दहा मिनिटे झाली पूर्णविराम सापडत नाही तेव्हा माफ करा

स्पेसच्या उजवीकडे तीन बटणं. पूर्णविराम सापडला. बाणांपैकी वरचा आणि खालचा अर्धे अर्धे आहेत, मिळून एकाच बटणाएवढे. बोट एकावर ठेवलं की दुसऱ्यावरही जातं. वरच्या ओळीत एस्केप, मग बारा सारखी बटणं, शेवटी एक. ते शेवटचं दाबलं आणि लॅपटॉप बंद पडला. लिहिलेलं सगळं गेलं. हे दुसऱ्यांदा लिहिलेलं पत्र आहे.

सत्तावीस वर्षं मी या बटणांवर काम केलं आणि मला वाटायचं माझ्या बोटांना ती पाठ आहेत. पाठ नव्हती. मी रोज पाहत होतो आणि मला ते ठाऊक नव्हतं.

उदयसिंह


करंजा
१३ ऑगस्ट

शिर्के साहेब,

पत्र चांगलं हाय. पूर्णविराम सापडल्याची खबर तर लईच आवडली.

आता ऐका. कीबोर्ड बनवणाऱ्याने तो बघणाऱ्या माणसासाठी बनवलाय. त्याला इन्सर्ट लागत नाय, त्याने काढून टाकलं. आपल्याला लागतं. म्हणून जे बटण तुमाला नको ते आपण कामाला लावायचं. कॅप्स लॉक तुमी दिवसात किती वेळा वापरता? आजपासून ते तुमचं हुकमाचं बटण. स्पेसच्या उजवीकडचं ऑल्ट, त्याचं आपण मेनूचं बटण करू. बंद करायचं बटण मी मारून टाकतो, ते दाबलं तरी काय होणार नाय. आणि एस्केपच्या खाली, एकच्या डावीकडे एक बटण हाय, ते बहुतेक लोक जन्मात दाबत नाय. ते तुमच्या कंटेनरसाठी. ते दाबलं की नंबर सुटा सुटा, एकेक आकडा.

हे लांबून होणार नाय. मशीनला हात लावावा लागेल. सतरा तारखेला, रविवारी येतो. माझी भाची रिया सोबत असेल, तिला बस कळते.

आभाताईंच्या आईंना सांगा, एक नेलपॉलिश काढून ठेवा. खालच्या बाणावर एक थेंब सुकवला की बोट चुकत नाय.

कुंदन


खांदा कॉलनी
२१ ऑगस्ट

प्रिय कुंदन,

तुम्ही पाच तास बसलात आणि जेवायलाही उठला नाहीत याची माझ्या बायकोला, रमाला, अजून चुटपुट आहे. पण काय हात आहे तुमचा! कीबोर्डवरून असा फिरत होता की रमा माझ्या कानात म्हणाली, "मासळी निवडल्यासारखं करतायत हो." राग मानू नका, कौतुकाने म्हणाली.

तिची आणखी एक गंमत सांगतो. तिने तुम्हाला विचारलं, "साखर चालेल ना चहात?" आणि तुम्ही म्हणालात, "हो, बसनेच आलो." आम्ही चार दिवस हसतो आहोत. कामात माणूस इतका बुडालेला आम्ही पाहिला नव्हता.

घरच्या जुन्या लॅपटॉपवर तुमची मांडणी मी रोज दोन तास घोटतो. एस्केपखालचं बटण म्हणजे चमत्कार आहे. चार, दोन, शून्य, सात. प्रत्येक आकडा वेगळा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खुर्चीतच बसून राहिलो.

ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र तुम्ही केलेले बदल कॉम्प्युटर विभागाने काढून टाकले. सुरक्षेच्या नियमात बसत नाही म्हणतात. "बाहेरच्या माणसाने मशीन उघडलंच कसं?" असं विचारलं. मी सांगितलं, तो माणूस आंधळा आहे, तुमची गुपितं बघणार नाही. कोणी हसलं नाही.

आता काय करायचं?

उदयसिंह


करंजा
२४ ऑगस्ट

शिर्के साहेब,

वहिनींना सांगा, तुमच्याकडचा पंखा फार आवाज करतो. साखर चालते.

कॉम्प्युटर विभागाशी भांडू नका. सोबत एक अर्ज लिहून पाठवलाय, त्यावर सही करून विश्वजीत साहेबांकडून पाठवा. कोणत्या बटणाचं काय होणार, एवढंच त्यात हाय. बदल त्यांच्याच माणसाने करावा, आपण हात लावणार नाय, असं लिहिलंय. माणसाला आपला अधिकार राहिला असं वाटलं की तो काम करतो. माझ्या अकरापैकी सहा जणांचं याच ठिकाणी अडलं होतं. चौघांचं सुटलं.

रोज दोन तास कमी हायत. तीन करा.

कुंदन


खांदा कॉलनी
१८ सप्टेंबर

प्रिय कुंदन,

तुमचा अर्ज पास झाला! चोवीस दिवस लागले, पण झाला. त्यांच्या माणसाने कागदावर खूण करत करत एकेक बटण बदललं. आता ऑफिसचा लॅपटॉप आणि घरचा लॅपटॉप माझ्या बोटांना सारखेच.

आणि बातमी ऐका. काल तासाला चौदा कागद तपासले. डोळे होते तेव्हा वीस व्हायचे. एका यादीत तर कंटेनरचा नंबर चुकलेला होता, लाल रंगात दाखवलेला, तो मी लगेच पकडला. विश्वजीतने स्वतः फोन करून शाबासकी दिली.

रमाने तुम्हाला नारळाच्या वड्या पाठवायच्या ठरवल्या आहेत. पत्ता कळवा.

तुमचा,
उदयसिंह


करंजा
१९ सप्टेंबर

शिर्के साहेब,

अभिनंदन. वड्या आईला आवडतात. गंगाबाई नाखवा, करंजा बंदर, एवढं लिहिलं तरी पोचतं.

एकच विचारतो. स्क्रीन रीडर रंग सांगत नाय. तो नंबर लाल होता हे तुमाला कोणी सांगितलं?

कुंदन


खांदा कॉलनी
२८ सप्टेंबर

प्रिय कुंदन,

नऊ दिवस मी तुमचं पत्र उघडून ऐकतो आहे आणि बंद करतो आहे.

आभाने सांगितलं. आठवड्यातले दोन दिवस मी घरून काम करतो. त्या दिवशी ती कॉलेजला जात नाही. माझ्या शेजारी बसते, वाचते, मी 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणतो, खूण ती करते. चौदा कागद असे होतात. ऑफिसमध्ये मी एकटा असतो तेव्हा तासाला तीन होतात. कधी दोन.

तिला मी सांगितलं नव्हतं. एक दिवस तिने मला टेबलावर डोकं टेकून बसलेलं पाहिलं आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. मी तिला ऊठ म्हणालो नाही. हे खरं.

परवा तिला विचारलं, "तुझी हजेरी?" ती म्हणाली, "बाबा, तुमचं होऊ दे आधी." तिचं हे शेवटचं वर्ष आहे. मी बाप आहे आणि माझी लेक माझी नोकरी करते आहे.

तुम्ही आता शिकवणं सोडलंत तरी माझं म्हणणं नाही.

उदयसिंह


करंजा
२९ सप्टेंबर

शिर्के साहेब,

राग नाय. माझ्या पयल्या विद्यार्थ्याची बायको त्याचे मेल लिहायची, ते मला वर्षभराने कळलं. माणूस काय लपवतो त्यावरून त्याला काय जड जातंय ते कळतं.

तीन म्हणजे तीन. तिथून सुरू करू. आभाताईंना उद्यापासून कॉलेजला पाठवा.

सोबत चाळीस दिवसांचा सराव लिहिलाय. पयले दहा दिवस फक्त नंबर. मग रकाने. मग चुकीचा आकडा रकान्यात शिरून दुरुस्त करायचा, त्याला वरच्या ओळीतलं एफ-दोन लागतं. चुकलात तर कुठं चुकलात ते लिहा. खोटा आकडा लिहू नका. मला खोट्या आकड्यावर शिकवता येत नाय.

कुंदन


खांदा कॉलनी
१४ नोव्हेंबर

प्रिय कुंदन,

परवा चाचणी झाली. जसं झालं तसं लिहितो.

मागच्या आठवड्यात मी एकटा तासाला अकरावर आलो होतो. हा आकडा खरा आहे. त्या सकाळी मी शांत होतो. रमाने दही हातावर ठेवलं, आभा दारापर्यंत आली.

मीटिंगच्या खोलीत विश्वजीत, मुंबईहून आलेले दोघे आणि कॉम्प्युटर विभागाचा एक जण. तो म्हणाला, "सर, तुमचा लॅपटॉप काल बदलावा लागला. मॉडेल तेच आहे. तुमच्या सेटिंगा टाकल्यात मी." मी हात फिरवला. कॅप्स लॉक बरोबर. उजवं ऑल्ट बरोबर. एस्केपखालचं बटण बरोबर. त्याने खरंच कागद बघून सगळं केलं होतं. त्याचा दोष नाही. खोलीत माणसं बसली होती म्हणून आवाज थोडा कमी ठेवला होता, तरी मला नीट ऐकू येत होतं.

पहिले सात कागद मी चुकलो नाही. मुंबईच्या एकाने "वा" म्हटलेलं मी ऐकलं. आठव्यात नंबर चुकीचा होता. मी सांगितलं, शेवटचा आकडा जुळत नाही. ते म्हणाले, "मग दुरुस्त करा."

मी एफ-दोन दाबलं. रकान्यात शिरलो की स्क्रीन रीडर सांगतो, तसं सांगितलं नाही. पुन्हा दाबलं. बाण दाबून पाहिला तर तो काहीतरी पुटपुटला, पण बारीक. मला वाटलं नीट दाबलं गेलं नाही. पुन्हा दाबलं. मग तो आणखी बारीक झाला. जितकं दाबावं तितका तो लांब जात होता, कोणी बोलत बोलत जिना उतरून जावं तसा. सातव्या-आठव्या वेळेला काहीच राहिलं नाही.

मी तुम्ही शिकवलेलं सगळं करून पाहिलं. स्क्रीन रीडर बंद करून चालू केला. काही नाही. माझ्यापुढे एक सपाट वस्तू होती आणि तिच्यावर बटणं होती. कोणीतरी खुर्ची सरकवली. विश्वजीत म्हणाला, "सर, घाई नाही, सावकाश." कॉम्प्युटर विभागाचा मुलगा मदतीला उठला तर मुंबईचे म्हणाले, "नाही, त्यांना एकट्याने करू द्या." ते वाईट हेतूने म्हणाले नाहीत. चाचणी तीच होती.

किती वेळ गेला माहीत नाही. आभाला नंतर विश्वजीतने वीस मिनिटं सांगितली. मी शेवटी हात मांडीवर घेतले. तेव्हा ते फार चांगलं बोलले. माझ्या सत्तावीस वर्षांबद्दल बोलले.

एक डिसेंबरपासून मला तळमजल्यावर फोनपाशी बसायचं आहे. कोणी आलं तर वर कळवायचं. समोर लॅपटॉप नसेल.

कुंदन, माझं काय चुकलं ते सांगा. तेवढं मला कळू द्या.

उदयसिंह


खांदा कॉलनी
२५ नोव्हेंबर

प्रिय कुंदन,

अकरा दिवस झाले. तुमचं उत्तर कधी तीन दिवसांवर गेलं नाही. बरं नाही का?

मी नियम मोडला. काल तुम्हाला तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा उचलला गेला. आवाज तुमचाच होता. तुम्ही म्हणत राहिलात, "कोण हाय? बोला. कोण हाय?" मी ओरडून नाव सांगितलं, रमा स्वयंपाकघरातून धावत आली इतकं ओरडून. तुम्ही फोन ठेवलात.

माझ्याशी बोलायचं नसेल तर तसं लिहा. मी समजून घेईन.

उदयसिंह


करंजा
२ डिसेंबर

उदयसिंह सर,

मी रिया, कुंदनमामाची भाची. ऑगस्टमध्ये तुमच्याकडे आले होते.

मामा तुमच्यावर चिडलेला नाही. मामाला आता ऐकू येत नाही; हातातला फोन थरथरला म्हणून त्याने उचलला. उजवा कान दोन वर्षांपूर्वीच गेला होता, डावा हळूहळू जात होता. घरात फक्त मला माहीत होतं, आणि त्याने मला शपथ घातली होती. दिवाळीनंतर एकदम गेलं. आम्ही मुंबईला दाखवून आणलं. नस सुकली आहे म्हणाले. कानात बसवायचं मशीन असतं, ते याच्या नसेवर चालणार नाही म्हणाले. आजी डॉक्टरांना म्हणाली, "देवानं एक नेलं तवा म्या काय नाय बोलले. ह्ये कशाला?"

तुमची दोन्ही पत्रं मी त्याला दिली. त्याने मला लहानपणी ब्रेलचे सहा ठिपके शिकवले होते, ते मी त्याच्या हातावर बोटांनी देते. एकेक अक्षर. चौदा तारखेचं पत्र द्यायला दोन संध्याकाळी लागल्या. एफ-दोनची गोष्ट आली तेव्हा त्याने हात काढून घेतला आणि बाकीचं दुसऱ्या दिवशी घेतलं.

तो स्वतः लिहीन म्हणतो आहे. मी पाच जानेवारीला नर्सिंगच्या हॉस्टेलला चालले आहे, तोपर्यंत जे काही असेल ते कळवा. मग त्याच्या हातावर लिहायला इथे कोणी नाही.

रिया


करंजा
९ डिसेंबर

शिर्के साहेब,

हे पत्र मी न ऐकता लिहितोय. बोटं जातात तिथं जातात. रियाला तपासू नको म्हणून सांगितलंय, कारण हे तिने वाचावं असं वाटत नाय.

तुमी विचारलंत तुमचं काय चुकलं. तुमचं काय चुकलं नाय. माझं चुकलं.

नव्या लॅपटॉपवर वरची बारा बटणं दोन कामं करतात. एफ-दोन म्हणजे एकदा रकान्यात शिरा, नायतर आवाज कमी करा. बनवणारा आवाजाचं काम पुढे ठेवतो. ते फिरवायला दोन बटणं एकत्र दाबायची. खाली डाव्या कोपऱ्यातलं एफएन, आणि एस्केप. बस. तेवढंच. एकदा दाबलं की एफ-दोन आपल्या कामाला लागतं आणि तसंच राहतं, मशीन बदलेपर्यंत.

तुमच्याकडे आलो त्या दिवशी मी ऑफिसच्या लॅपटॉपवर एफ-दोन दाबलं आणि आवाज बारीक झाला. मला वाटलं माझा कान गेला. मी तसाच बसलो. वहिनी तेवाच काय तरी विचारत होत्या. मग रियाने माझ्या हातावर दिलं, की आवाज मशीनचा कमी झालाय, मामा, तुझा नाय. तेव्हा जीवात जीव आला.

मी गुपचूप एफएन आणि एस्केप दाबून टाकलं. तुमाला सांगितलं नाय. अर्जातपण लिहिलं नाय. कारण सांगायला गेलो असतो तर, एवढा वेळ गप का बसला होतात, असं तुमी विचारलं असतं. बहिरा मास्तर कोणाला पायजे? ज्याला सगळं कानाने शिकवायचं त्याचेच कान नायत.

म्हणजे ते मशिन बदललं आणि तुमी उघड्यावर पडलात. मी सांगितलं असतं तर तुमी दोन बटणं दाबली असती. वीस मिनिटांत दोन बटणं.

माझ्या कीबोर्डचं मी काय काय केलं ते तुमाला सांगायचं होतं. आधी बोलण्याची गती कमी करायला एक बटण केलं. मग आवाज घोगरा करायला, कारण बारीक सूर ऐकू येईनासे झाले. स आणि श गेले, मग त. तेव्हा प्रत्येक अक्षर फोडून सांगणारं बटण केलं, तुमच्या कंटेनरसारखं. स समईचा, त तबल्याचा. त्यावर तीन महिने काढले. दिवाळीनंतर तेही संपलं. अजून सगळी बटणं बरोबर लागतात. कोण काय बोलतं तेवढं कळत नाय.

टाचण्या वर येऊन ब्रेल दाखवणारं एक मशिन असतं, त्यासाठी एका संस्थेत नाव घातलंय. कधी मिळेल ते त्यांना पण माहीत नाय.

इत्कंच.

कुंदन


खांदा कॉलनी
८ फेब्रुवारी २०२६

(ब्रेलमध्ये, जाड कागदाची दोन पानं, टपालाने)

प्रिय कुंदन

हे मी पाटीवर टोच्याने टोचतो आहे. किशोरीताईंकडे आठवड्यातून दोनदा शिकतो. चार आठवडे झाले. उजवीकडून डावीकडे उलटं टोचायचं आणि पान पालटून सरळ वाचायचं. डोकं फिरतं. बोट अजून जाड आहे. हे पत्र पाच दिवस चाललं आहे.

तुमचं नऊ डिसेंबरचं पत्र मी तीनदा ऐकलं. खूप राग आला. तुम्ही म्हणाला होता खोटं लिहू नका म्हणून लिहितो. महिनाभर राग होता. आभाने घरच्या लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप दाखवलं. दाबलं आणि सोडलं. एवढंसं आहे ते. मी त्या दिवशी जेवलो नाही.

मग पाच जानेवारी आली. रिया गेली असेल. आता माझा राग किंवा लोभ तुम्हाला कोण सांगणार, असं मनात आलं. किशोरीताईंना विचारलं. त्या म्हणाल्या त्याला ब्रेल येतं, तुम्हाला येत नाही, म्हणजे शिकायचं तुम्हाला आहे.

फोन दिवसात चार-पाच वेळा वाजतो. मधल्या वेळात खिशात पाटी असते. आभाची परीक्षा मार्चमध्ये आहे. ती रोज कॉलेजला जाते. रमा बरी आहे.

त्या दोन बटणांचं मनाला लावून घेऊ नका. मला तुमच्यावर राग नाही.

उदयसिंह


करंजा
१७ फेब्रुवारी

शिर्के साहेब,

पाकीट शनिवारी आलं. आई मासळीच्या लिलावावरून आली ती हातात घेऊनच. तिला वाटलं बँकेचं. हातात दिलं, आत बोट घातलं, आणि मला कागदावर ठिपके लागले. रिया गेल्यापासून मला कोणी काय सांगितलं नव्हतं. आई हात धरून ताटापाशी नेते, पाणी देते, अंगावर पांघरूण घालते. तिला अक्षर येत नाय, ती तरी काय करणार.

मी पत्र दुपारभर वाचलं. आईने दोनदा खांदा हलवला, काय लिहिलंय म्हणून विचारत असणार. मी तिचा हात माझ्या हाताखाली घेतला आणि मोठ्याने वाचायला लागलो. माझा आवाज मला ऐकू येत नव्हता, किती मोठा होता काय माहीत. शेजारचे जमले म्हणे, रियाने नंतर आईकडून ऐकून मला रविवारी सांगितलं. तुमचा राग आला तिथं आईचा हात ताठ झाला. रिया गेली तिथं तिने माझं मनगट धरलं. मी थांबलो नाय.

चुका एकोणीस हायत. रिया रविवारी दोन तासांसाठी घरी आली होती, तिच्याकडून यादी लिहवून घेतलीय, सोबत पाठवतो. र आणि व तुमी उलटे टोचता. वेलांटी दोन ठिकाणी गेलीय. टोचा सरळ धरा, तिरका धरला की ठिपका फाटतो. बाकी हात चांगला हाय. त्रेपन्नाव्या वर्षी चार आठवड्यांत एवढं मी कोणाचं बघितलं नाय.

एक काम करा. दुसऱ्या पानाच्या खाली, वहिनी बऱ्या हायत याच्यानंतर, पाकिटावर टपालाचा शिक्का जोरात बसलाय. तिथले ठिपके दबून सपाट झालेत. दोन ओळी असाव्यात. मी बोट ओलं करून पाहिलं, कागद उन्हात ठेवून पाहिला, मागून चाचपून पाहिलं. 'बटणांचं' एवढं लागतं. पुढचं काय केल्या लागत नाय.

तिथं काय लिहिलं होतं, तेवढं परत टोचून पाठवा.

कुंदन